महासागर चार, पाच की सात? आणि सोलापूरला त्याचं काय?

ताई, नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही शाळेत महासागर चार शिकलात, मुलीच्या पुस्तकात पाच आहेत आणि सासूबाई सात समुद्र सांगतात. यातलं खरं कोणतं? कॅस्पियन हा समुद्र की सरोवर? आणि मुलीचं म्हणणं, सोलापुरात समुद्र नाही, मग हे पाठ कशाला करायचं?

परीक्षेत पाच लिहू दे. आकाराच्या उतरत्या क्रमाने पॅसिफिक, अटलांटिक, हिंदी, दक्षिण आणि आर्क्टिक. एकटा पॅसिफिक सुमारे 16 कोटी चौरस किलोमीटरचा आहे. जगातली सगळी जमीन एकत्र केली तरी ती 15 कोटींच्या आतच भरते. मुलीला सपाट नकाशाऐवजी पृथ्वीगोल द्या आणि पॅसिफिकची बाजू समोर धरायला सांगा, निळ्याशिवाय फारसं काही दिसणार नाही. आर्क्टिक सगळ्यात लहान आणि उथळ, त्याचं एवढं लक्षात ठेवलं तरी शालेय पातळीवर भागतं.

तुम्ही शिकलात तेही चूक नव्हतं. पाण्याला बांध नसतो, हद्द माणसं ठरवतात. समुद्रांच्या हद्दींची अधिकृत पुस्तिका मोनॅकोतली आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना काढते. 1953 च्या आवृत्तीत तिने दक्षिण महासागर वगळला आणि अटलांटिक, हिंदी, पॅसिफिक थेट अंटार्क्टिकापर्यंत नेले. आपल्या पिढीची पाठ्यपुस्तकं त्यावरच उभी होती. 2000 साली नव्या मसुद्यात 60 अंश दक्षिणेखालचं पाणी पुन्हा स्वतंत्र महासागर म्हणून आलं. पण तो मसुदा कधीच मंजूर झाला नाही. त्यामागचं एक मोठं कारण अंटार्क्टिकापासून फार लांबचं आहे. जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्राला कोणतं नाव द्यायचं, यावर त्या दोन देशांचं एकमत होईना. दरम्यान जगाने पाच म्हणायला सुरुवात केली होती. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने तर 8 जून 2021 रोजी आपल्या नकाशांवर पाचवा महासागर रीतसर दाखवायचं जाहीर केलं.

माझ्या मते पाचवा महासागर मानायला चांगलं कारण आहे. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रवाह अखंड फिरतो. त्याच्या वाटेत कुठेही जमीन आडवी येत नाही. जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेवढं पाणी समुद्रात ओततात, त्याच्या शंभरपटीहून जास्त पाणी हा प्रवाह वाहून नेतो. त्याच्या आतल्या बाजूचं पाणी जास्त थंड असतं, तिथले जीवही वेगळे. म्हणजे इथली हद्द निदान पाण्याला तरी मान्य आहे.

सासूबाईंचे सात पुराणातले: खारा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि गोड्या पाण्याचा. उसाच्या रसाचा समुद्र आपल्या जिल्ह्यात असता तर कारखान्यांनी हंगामाआधीच संपवला असता, हा भाग वेगळा.

आता समुद्र आणि महासागर यांतला फरक. महासागराचा जमिनीलगतचा, थोडाफार वेढलेला भाग म्हणजे समुद्र. त्याचा बराच तळ भूखंडमंचावर, म्हणजे खंडाच्या पाण्याखाली गेलेल्या उथळ कडेवर असेल तर तो उथळही असतो. पण ही व्याख्या ताणून धरू नका. सारगॅसो समुद्राला किनाराच नाही, अटलांटिकमधल्या चार प्रवाहांनी त्याची हद्द आखली आहे. कॅस्पियन चारही बाजूंनी जमिनीत कोंडलेला आहे, त्याची पातळी महासागराच्या खाली आहे आणि पाण्याचा खारेपणा महासागराच्या साधारण एक तृतीयांश. भूगोलाच्या पुस्तकात तो जगातलं सगळ्यात मोठं सरोवर आहे. कायद्यात मात्र घोळ होता. समुद्र म्हटलं तर तळातल्या तेलाची वाटणी एका पद्धतीने, सरोवर म्हटलं तर दुसऱ्या. शेवटी 2018 साली काठावरच्या पाच देशांनी धड समुद्र नाही, धड सरोवर नाही असा स्वतंत्र करार केला. मृत समुद्र हेही सरोवरच. मध्य आशियातल्या अरल समुद्राचं नाव मात्र मुलीकडून पाठच करून घ्या. कापसाच्या शेतीसाठी 1960 नंतर त्याला मिळणाऱ्या दोन्ही नद्यांचं पाणी वळवलं आणि काही दशकांत त्याचा बहुतेक भाग आटला. उजनीच्या पाण्यावर रोज भांडणाऱ्या जिल्ह्यात हा धडा वरवर शिकवला जातो, याचं मला नवल वाटतं.

हे सगळं झालं वरच्या पाण्याचं. महासागरांचा खरा वेगळेपणा तळाशी आहे आणि आमच्या शाळा तिथपर्यंत पोचतच नाहीत. समुद्राचा तळ जमिनीपेक्षा फार तरुण आहे. खंडांवरचे काही खडक 400 कोटी वर्षांचे आहेत, तर आजच्या मोठ्या महासागरांचा जुन्यात जुना तळ सुमारे 20 कोटी वर्षांचाच. कारण तो तळ एकीकडे तयार होत असतो आणि दुसरीकडे गर्तांमध्ये, म्हणजे तळातल्या खूप खोल लांबट खाचांमध्ये, खाली जाऊन संपत असतो. अटलांटिक मधोमध उकलतो आहे, दर वर्षी दोन-अडीच सेंटीमीटरने रुंद होतो. पॅसिफिकच्या कडांना त्याचा तळ खाली सरकतो, म्हणून तिथे गर्ता, भूकंप आणि ज्वालामुखी. पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागाही तिथेच, मारियाना गर्तेत जवळपास 11 किलोमीटरवर.

अटलांटिकची ही मधली भेग पहिल्यांदा कागदावर दिसली ती मेरी थार्प या अमेरिकन बाईंना, 1952-53 च्या सुमारास. बायकांना संशोधन-जहाजावर घेत नसत. त्यामुळे बाई कचेरीत बसून पुरुषांनी आणलेल्या खोलीच्या नोंदींवरून तळाचे उभे छेद काढायच्या. अटलांटिकच्या तळाशी मधोमध असलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात दरी येते, हे त्यांनी दाखवलं तेव्हा त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी ते उडवून लावलं. पुढे भूकंपांचे ठिपके नेमके त्याच दरीवर पडलेले दिसले, तेव्हा हीझनना मानावं लागलं.

आता तुमच्या घराखालचा समुद्र. सोलापुरात बोअर मारताना लागतो तो काळा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या वेळी आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर आजचा अरबी समुद्र नव्हता, आज हिंदी महासागरातला बेटांचा देश असलेल्या सेशेल्सचा भूभाग भारताला चिकटलेला होता. लाव्हाच्या उद्रेकाच्या आगेमागे तो फाटून निघाला आणि मधे समुद्र उघडला. म्हणूनच सेशेल्सची मुख्य बेटं भर समुद्रात असूनही ग्रॅनाइटची आहेत. या फाटण्यात पश्चिमेची कड उचलली गेली आणि पठार पूर्वेकडे कललं, असं सर्वसाधारणपणे मानतात. परिणाम तुमच्यासमोर आहे. भीमा जिथे उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पंढरपूरवरून येते, रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं.

दुसरा समुद्र कदाचित तुमच्या देव्हाऱ्यात असेल. शाळिग्राम येतो नेपाळच्या गंडकी नदीतून, आणि त्यात जे चक्र दिसतं तो अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा जीवाश्म असतो. भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी टेथिस समुद्र होता. भारत उत्तरेकडे सरकत गेला, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, समुद्र मिटला आणि त्याचा गाळ घड्या पडून हिमालयात गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रतळाचाच. श्रद्धा आणि भूगोल एकाच ताम्हनात ठेवायला काही हरकत नाही.

मुलीला हे तरी पटावं. नाही पटलं तर पावसाचं सांगा. आपण पर्जन्यछायेत. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प घाटावरच रिकामं होतं. आपल्याला हात देतो तो बहुतेकदा सप्टेंबरचा पाऊस, बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा. तिकडे पेरू देशाजवळ पॅसिफिकचं पाणी तापलं की इकडे दुष्काळाची भीती, हा एल निनो. पण 1997 साली जबरदस्त एल निनो असूनही देशाचा मॉन्सून सरासरीइतका झाला. त्याचं श्रेय बरेच शास्त्रज्ञ हिंदी महासागराला देतात. त्या वर्षी आफ्रिकेकडची बाजू उबदार आणि इंडोनेशियाकडची थंड होती. ज्वारी कधी पेरायची हे असं दोन महासागर मिळून ठरवतात.

शिवाय एका रविवारी तिला तेरला न्या. बार्शीच्या पूर्वेला, धाराशिव जिल्ह्यात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत ते 'तगर' म्हणून आलं आहे. तिथलं कापड आणि मलमल गाड्यांवरून अवघड वाटांनी गुजरातेतल्या भडोच बंदराला जाई आणि तिथून मोसमी वाऱ्यांवर जहाजाने तांबड्या समुद्राकडे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती आहे, आणि पाँपेई तर इसवी सन 79 मध्येच राखेखाली गेलं. समुद्र दिसत नसलेल्या या टापूतलं कापड चादरीच्या कितीतरी आधी समुद्रापार जात होतं.

वर एकांनी 'दोन महासागर भेटतात पण मिसळत नाहीत' हा व्हिडिओ टाकला आहे. ते बहुधा अलास्काच्या आखातातलं दृश्य आहे. हिमनद्यांचा गाळ घेऊन आलेलं गढूळ पाणी खुल्या समुद्राच्या निळ्या पाण्याला लागतं, तिथे रेघ दिसते. ते पाणीही मिसळतं, फक्त वेळ घेतं. कन्याकुमारीला गाईड दाखवतात ते तीन रंगही कुठल्या हद्दीमुळे नसतात, गाळ, खोली आणि उन्हाचा कोन यांनी पाण्याचा रंग बदलतो. आणि हिंदी व अटलांटिक महासागरांची अधिकृत हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपला नाही, तिथून आग्नेयेला असलेल्या केप अगुल्हासला आहे. चाचणीत विचारलंच तर गुण जाऊ देऊ नका.