गाडी दुरुस्त करा, नवी घेऊ नका. आणि ती ‘एफडी’ आधी वाचा

प्रश्न: साताऱ्यात राहतो, वय ४१, एमआयडीसीत नोकरी, हातात ५८,००० येतात. घरी पत्नी, दोन मुलं, आई. गृहकर्जाचा हप्ता १३,०००. बचत खात्यात ४०,०००. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. कासहून यवतेश्वर घाट उतरताना जोरात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. सर्व्हिस सेंटरने ४६,००० खर्च सांगितलाय: डिस्क, कॅलिपर, चारही शॉकअप, लोअर आर्म, बेअरिंग. मार्चमध्ये एफडीचे एक लाख भरायचे आहेत, म्हणून काम लांबवलं. त्यापेक्षा अडीच लाखांची ठेव मोडून, ९ लाख कर्ज काढून नवी गाडी घ्यावी का? बँकेतून घेतलेली ५ वर्षांची एफडी (वर्षाला एक लाख, तीन भरले) दोन वर्षांनी सुटेल, त्यातून निम्मं कर्ज फेडेन. कागदाचा फोटो जोडलाय.

उत्तर: नवी गाडी नको. आधी ब्रेकचं उरकू, कारण ते तातडीचं आहे. असे ब्रेक घेऊन घाट उतरायचा आणि दुरुस्ती मार्चनंतर करायची, हा हिशेबच चुकीचा आहे.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर आणि स्टेअरिंगमध्ये जाणवत असेल, तर दोष बहुतेक पुढच्या डिस्कमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला दाबतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीत, असतो. ब्रेक न दाबताही ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग हलतं, तर ते व्हील बॅलन्सिंग. सीट हलते, तर मागचे ड्रम तपासायचे. करकचून ब्रेक मारल्यावर पायाखाली पेडल धडधडतं आणि करकर ऐकू येते, ते एबीएसचं (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम. तो बिघाड नव्हे.

मेकॅनिक ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. ०.०२ मिमीचा फरकही हाताला कळतो. घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरलं आणि खाली येऊन तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली, की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. डिस्क जिथे बसते त्या हबवर गंज असला, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकल्या किंवा टायरवाल्याने एअर गनने नट वेडेवाकडे आवळले, तरी शेवट तोच. म्हणून गॅरेजमध्ये दोन मापं मागा: डायल गेजवर डिस्क किती डोलते (साधारण ०.०५ मिमीच्या आत हवी) आणि मायक्रोमीटरने सात-आठ जागी जाडी. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. तिच्यापेक्षा पुरेशी जास्त उरली असेल तर डिस्क लेथवर साफ करा, नाहीतर दोन्ही बाजूंच्या एकदम बदला. पॅड नवे, हब तारेच्या ब्रशने साफ, पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस, नट टॉर्क रेंचने. लेथवर भागलं तर चार-पाच हजार, नव्या डिस्कसह नऊ-दहा हजार. बचत खात्यातून करा. नंतर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावून पॅड बसवून घ्या, मध्ये गाडी थांबवू नका. आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा.

बाकीच्या ३५,००० च्या ओळी? शॉकअपचं तेल गळतंय, आर्मचा बुश फाटलाय, बेअरिंगचा आवाज येतोय, हे प्रत्यक्ष दाखवा म्हणा. दाखवता येत नाही ती ओळ खोडा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. फोटोतला कागद एफडीचा नाही. ती विमा पॉलिसी आहे. हप्ते १० वर्षं, मुदत २० वर्षं, शेवटी २० लाख, विमा फक्त १० लाखांचा. दोन वर्षांनी काहीही सुटणार नाही. तेव्हा आणखी पाच हप्ते बाकी असतील. ज्या पैशाच्या भरवशावर कर्ज काढताय, तो पैसाच नाही. ९ लाखांना साडेनऊ टक्क्यांनी ७ वर्षं म्हणजे हप्ता १४,७००. त्यात गृहकर्जाचे १३,००० आणि पॉलिसीचे महिना ८,३००. झाले ३६,०००. उरलेल्या २२,००० त पाच माणसं, आणि ठेव आधीच मोडलेली.

‘दहाचे वीस’ हे विकणाऱ्याचं गणित. तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून दुप्पट होतो, म्हणजे व्याज साडेचार टक्क्यांच्या जरासं वर. पीपीएफ आज ७.१ टक्के देतं. बँकेच्या काउंटरवर पॉलिसीला एफडी म्हणून खपवणं अजून थांबलेलं नाही, याची चीड येते.

झालेल्या तीन लाखांचं रडगाणं नको, पुढचे सात बघा. ते भरून शेवटी १४ लाख जास्त मिळतील. तेच सात लाख त्याच तारखांना पीपीएफमध्ये भरले तर आजच्या दराने १८ लाखांच्या पुढे जातील. म्हणून चौथा हप्ता नको. पण लगेच सरेंडरही (पॉलिसी बंद करून आत्ताच पैसे घेणं) करू नका. कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी चालू ठेवून मुदतीअखेर मिळणारी कमी रक्कम), दोन्ही रकमा लेखी घ्या. समजा सरेंडरला दीड लाख मिळतायत आणि पेड-अप ठेवून १७ वर्षांनी सहा लाख. मग पेड-अप बरं, कारण ते साडेआठ टक्के पडतं. पेड-अप रक्कम सरेंडरच्या सव्वातीन पटीपेक्षा कमी आली, तर पैसे काढून घ्या, कारण पीपीएफच्या दराने १७ वर्षांत पैसे जवळपास तेवढे पट होतात.

त्याआधी टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा, परतावा नसलेला विमा. त्याचा पत्रात उल्लेखच नाही. एक कोटीचा, साठीपर्यंतचा, तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडेल. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा. अडीच लाखांच्या ठेवीला हात लावू नका, अडीअडचणीला तेवढंच आहे.

फसवून विकल्याची तक्रार आधी विमा कंपनीकडे, मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर आणि पुण्याच्या विमा लोकपालांकडे करता येते. ‘५ वर्षांची एफडी’ असं लिहिलेला मेसेज किंवा चिठ्ठी असेल तर जरूर करा. नुसत्या तोंडी आश्वासनावर फार आशा ठेवू नका; पॉलिसी देताना कंपनीने केलेल्या पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हो’ म्हटलेलं रेकॉर्डिंग ते पुढे करतील.

मार्चचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो का, तेही बघा. जात असेल तर टर्म विमा मिळाल्याबरोबर बँकेत जाऊन ते मँडेट (पैसे कापायची तुम्ही दिलेली परवानगी) रद्द करा आणि पोच घ्या. वार्षिक हप्ता भरायला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे सगळं बसतं.