वाचकांचे प्रश्न : पिवळी झालेली नळी पुन्हा लाल का होते?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी भाट्याच्या खाडीतील तिसऱ्यांमधून (शिंपल्यांमधून) एक जीवाणू वेगळा केला आणि तो ०.५ टक्के ग्लुकोजच्या फिनॉल रेड ब्रॉथमध्ये (फिनॉल रेड हा रंग घातलेल्या, जीवाणू वाढवायच्या द्रवात) घालून ३७ अंश सेल्सिअसला ठेवला. शनिवारी सकाळी नळी पिवळी होती, आतल्या डरहॅम ट्यूबमध्ये (वायू पकडणाऱ्या छोट्या उलट्या नळीत) बुडबुडा नव्हता. सोमवारी पाहिले तर नळी पुन्हा लाल, किंबहुना गुलाबीकडे झुकलेली. वहीत 'निगेटिव्ह' (म्हणजे ग्लुकोजपासून आम्ल होत नाही) असे लिहायला सांगण्यात आले आहे. ते योग्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : योग्य नाही. शनिवारचे निरीक्षण तारीख-वेळेसह जसेच्या तसे लिहा आणि त्याखाली सोमवारचेही लिहा, कारण ही दोन्ही निरीक्षणे खरी आहेत आणि ती एकमेकांना खोडत नाहीत.

फिनॉल रेड हा केवळ आम्ल-अल्क दाखवणारा रंग आहे. माध्यमाचा सामू (pH) सुरुवातीला ७.४ च्या आसपास असतो, म्हणून ते लाल दिसते, सामू ६.८ च्या खाली गेला की ते पिवळे होते आणि अल्कता वाढली की गुलाबी. जीवाणूने ग्लुकोज वापरून आम्ल तयार केले म्हणून शनिवारी नळी पिवळी झाली. परंतु त्याच नळीत पेप्टोन, म्हणजे प्रथिने तोडून केलेले जीवाणूंचे खाद्यही असते. साखर संपली की जीवाणू पेप्टोनमधील अमिनो आम्लांकडे वळतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि त्या अमोनियाने आधीचे आम्ल झाकले जाते. म्हणूनच ही चाचणी १८ ते २४ तासांत वाचायची असते. मधे रविवार येणार असेल तर लसीकरण (माध्यमात जीवाणू घालणे) गुरुवारीच करावे, हा साधा नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी आग्रहाने सांगत आलो आहे.

मात्र आणखी एक शक्यता तपासल्याशिवाय 'किण्वन करतो' (ऑक्सिजनशिवाय साखर मोडतो) असेही लिहू नका. खाडीच्या पाण्यात व्हिब्रिओ गटाचे जीवाणू असतात तसेच स्युडोमोनास गटाचेही असतात. व्हिब्रिओ ऑक्सिजनशिवाय साखरेचे किण्वन करतात. स्युडोमोनास हवेच्या मदतीने तिचे ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातून होणारे आम्ल इतके थोडे असते की पेप्टोनच्या अमोनियापुढे ते सहज हरते. ही अडचण ओळखूनच ह्यू आणि लीफसन यांनी १९५३ मध्ये पेप्टोन अवघे ०.२ टक्के आणि साखर १ टक्का असलेले माध्यम सुचवले. त्याच्या दोन नळ्या घ्या, लसीकरणापूर्वी उकळत्या पाण्यात ठेवून त्यातील विरघळलेली हवा घालवा, थंड झाल्यावर दोन्हींत सुईने तळापर्यंत टोचा आणि हवा अडवण्यासाठी एकीवर निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा सुमारे एक सेंटिमीटर थर द्या. हिरव्या माध्यमाच्या दोन्ही नळ्या पिवळ्या झाल्या तर किण्वन. फक्त उघडी नळी, तीही वरून खाली, पिवळी होत गेली तर ऑक्सिडीकरण.

मिठाचे काय केलेत, हे तुम्ही कळवलेले नाही. *व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस* मिठावाचून वाढत नाही. १९५० साली ओसाकामध्ये शिरासू नावाच्या बारीक मासळीतून २७२ जणांना विषबाधा होऊन त्यांतील २० जण दगावले, तेव्हा हा जीवाणू प्रथम सापडला. तुमच्या खाडीतील नमुन्यासाठी प्रत्येक साखरेच्या माध्यमात २ ते ३ टक्के मीठ घाला. तसे न केल्यास नळी लालच राहते आणि आपण 'साखर वापरत नाही' असे लिहून मोकळे होतो, वास्तविक जीवाणू तिथे वाढलेलाच नसतो. त्यामुळे रंग पाहण्याआधी नळी उजेडासमोर धरून गढूळपणा पाहा, आणि बिनसाखरेची व बिनजीवाणूची अशा दोन कंट्रोल (तुलनेच्या) नळ्या शेजारी ठेवा.

बुडबुडा नाही याने घाबरू नका. बहुतेक व्हिब्रिओ ग्लुकोजपासून आम्ल करतात, वायू करत नाहीत. फक्त ऑटोक्लेव्हनंतर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर) उलटी नळी पूर्ण भरली होती ना, हे पुढच्या वेळी आधीच पाहून ठेवा.

प्रश्न : दही आंबते पण फुगत नाही, आंबोळीचे पीठ मात्र आंबते आणि फुगतेही. हा फरक प्रयोगशाळेत कसा दाखवतात?
— एक गृहिणी, मालवण

उत्तर : तुमच्या स्वयंपाकघरातच ही चाचणी रोज होते आहे. दह्यातील लॅक्टोकॉकस ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू करतो, वायू अजिबात नाही. म्हणून विरजण नीट लागले की दही सुरीने कापावे असे एकसंध निघते. उडीद-तांदळाच्या पिठातील ल्युकोनॉस्टॉक त्याच रेणूपासून लॅक्टिक आम्ल, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड असे तीन पदार्थ करतो, आणि उडदाच्या चिकटपणात तो वायू अडकतो. रात्री अर्धे भरलेले पातेले पहाटे झाकणाला टेकते आणि डाव घातला की जाळी खाली बसते, ते यामुळे. प्रयोगशाळेत उडदाचे हे काम डरहॅम यांनी १८९८ मध्ये योजलेली छोटी उलटी नळी करते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्यामुळे थोडा वायू तिच्यात दिसत नाही. अशा वेळी माध्यमावर अगरचा थर ओततात आणि तो थर वर उचलला गेला का, हे पाहतात.

प्रश्न : शाळेत फिनॉल रेड नाही. त्याऐवजी कोकमाचा रंग चालेल का?
— एक शिक्षक, कुडाळ

उत्तर : कोकमाचा रंग आम्लात लाल राहतो आणि खायचा सोडा घातल्यावर बदलतो, हे मुलांना जरूर दाखवा. जीवाणूंच्या चाचणीसाठी मात्र तो वापरू नका. कोकम स्वतःच चांगले आंबट असल्याने त्याचा अर्क घालताच माध्यम आम्ल होते आणि नंतरचा बदल कळत नाही. शाळेत अनोळखी जीवाणू वाढवूही नयेत. दूध आणि त्याच दुधाचे सकाळी लागलेले दही यांत निळा लिटमस बुडवून पाहणे पुरेसे आहे.