रक्त पाहून चक्कर येते, म्हणून नर्सिंग सोडायचं?

"नर्सिंगला जायची फार इच्छा आहे, पण रक्त पाहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मला झेपेल का?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. कधी मुलगी विचारते, कधी मुलगा, बहुतेक वेळा आई. उत्तरादाखल मी एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, मराठी माध्यमात शिकलेली. आई आशा कार्यकर्ती. लहानपणी आईबरोबर लसीकरणाच्या दिवशी हिंडता हिंडता हिनं सिस्टर व्हायचं ठरवलं. सीईटी दिली, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळवला. पहिल्याच सेमिस्टरला सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग लागलं. मधुमेहानं चिघळलेल्या पायाचं ड्रेसिंग चालू होतं, खाटेभोवती सहा-सात मुली उभ्या होत्या आणि ही धाडकन पडली. कपाळ खाटेच्या दांडीवर आपटलं. शुद्धीवर येताना तिच्या कानावर आलं, "घ्या, अजून एक पेशंट!" दुसऱ्या दिवसापासून ती वॉर्डात गेलीच नाही. नऊ दिवस होस्टेलच्या खोलीत काढले आणि मग घर गाठलं.

आई तिला घेऊन आली तेव्हा मुलीचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, मी यासाठी बनलेलीच नाही."

मी त्यावर वाद घातला नाही. त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं, एवढंच विचारलं. काहीच नाही. मेसचा नाश्ता साडेसातला, हिला वॉर्डात पोचायचं आठाच्या आत, म्हणून फक्त चहा. पाळी चालू होती. तासभर एकाच जागी उभी होती. मग विचारलं, शाळेत लस घेताना काय व्हायचं? "तेव्हाही पडले होते." आई मध्येच म्हणाली, "हिच्या पप्पांचं पण तसंच हाय. इंजेक्शन म्हटलं की आडवे होतात."

ही माहिती फार मोलाची होती. रक्ताची, जखमेची भीती बाकीच्या भीतींसारखी नसते. साप दिसला, उंचावर गेलो, तर छाती धडधडते, रक्तदाब चढतो. अशा वेळी माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त पाहिल्यावर मात्र काही जणांचा रक्तदाब आधी थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो, नाडीही मंदावते. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस खाली जातो. हे घराण्यात चालत येताना दिसतं. यात मन कच्चं असण्याचा काही संबंध नाही. उपाशी पोट, उकाडा, बराच वेळ उभं राहणं यांनी ते लवकर घडतं.

म्हणूनच "दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड" हा सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला इथं उलटा पडू शकतो. रक्तदाब आधीच घसरतोय, त्यात अंग सैल सोडलं तर तो आणखी घसरेल. इथं अंग आवळायचं असतं. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं या भीतीसाठी हीच पद्धत बसवली, आणि मी तीच शिकवते. खुर्चीत बसायचं, मुठी, दंड, पोट, मांड्या एकदम आवळायच्या. दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग नेहमीच्या स्थितीत यायचं, पण गळून जायचं नाही. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा, आणि दिवसातून पाचदा.

त्याआधी मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. हे मी कधीच टाळत नाही. चक्कर येण्याची कारणं अनेक असतात, आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम करू नये. तिचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं, बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या भेटीत तिनं हळूच वेगळंच काढलं. गावातल्या एका ओळखीच्या माणसानं वडिलांना सांगितलं होतं, "पोरीला कशाला त्रास? परराज्यात जीएनएमला नाव घालू. हजेरी नाही, वॉर्ड नाही, फक्त पेपरला जायचं." जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. घाबरलेल्या मुलीला ही वाट किती गोड वाटली असेल! मला मात्र राग आला, आणि तो मी लपवला नाही. वडिलांना बोलावून घेतलं.

त्यांना सांगितलं, जीएनएम कमी दर्जाचा कोर्स नाही. तीन वर्षांचा आहे, बारावीला इंग्रजी विषय आणि ४० टक्के असतील तर कोणत्याही शाखेच्या मुलीला चालतो. बी.एस्सी. चार वर्षांचं, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. कॉमर्सच्या मुलीला मी स्वतः जीएनएम सुचवते. पण वॉर्डाशिवायचं नर्सिंग म्हणजे पाण्यात न उतरता पोहणं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरावी लागते. राहिलेले दिवस भरून काढावेच लागतात. कोर्सनंतर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. तिथं कागद अडले तर वर्षंही गेली आणि पैसेही. उद्या तिच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं तर?

आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीसाठी शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा एजंटामार्फत गेलात की ती गेली. ही मुलगी ओबीसी. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरायचा राहिला होता, तो आम्ही तिथंच बसून भरला.

अजून प्रवेश घ्यायचा असेल त्यांनी हे ऐका. बी.एस्सी.च्या कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, ते त्यांच्याच संकेतस्थळांवर बघा, माहितीपत्रकावर नको. मुली कोणत्या रुग्णालयात शिकायला जातात ते विचारा आणि सकाळी नऊला स्वतः तिथं जाऊन या. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय लागतं. त्या खाटांवर पेशंट आहेत का, एवढं डोळ्यांनी पाहा. जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद निकालाची वाट न बघता काढायला टाका.

वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग ही पडली तर?"

पडू नये म्हणून आम्ही पायऱ्या केल्या. पहिला आठवडा नुसतं अंग आवळणं. मग मोबाइलवर जखमेचा फोटो, मग ड्रेसिंगचा व्हिडिओ, दोन्ही आवळत आवळत. मग कॉलेजच्या डेमो रूममध्ये मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) स्वतःच्या हातानं ड्रेसिंग. नुसतं बघत उभं राहण्यापेक्षा हाताला काम असलं की बरं वाटतं, हे तिला तिथं कळलं. वॉर्डात परतण्याआधी तिनं ट्यूटरना स्वतः सांगितलं की मला असा त्रास आहे, घाम फुटला, जांभया यायला लागल्या तर मी मागे सरून खाली बसेन. ट्यूटर म्हणाल्या, "बस की. मीही पहिल्या वर्षी पडले होते." हे वाक्य ती पडली त्याच दिवशी कुणीतरी बोलायला हवं होतं.

वॉर्डात गेल्यावर आणखी एक भीती वर आली, आणि खरं तर तीच जास्त जुनी होती. इंग्रजी. ॲनाटॉमीच्या (शरीररचनेच्या) इंटर्नलला तिला ५० पैकी १४ पडले होते. बारावीपर्यंत पहिल्या तिनात येणाऱ्या मुलीला हे चक्कर येण्यापेक्षा जास्त लागलं होतं. मी तिला पाठांतर थांबवायला लावलं आणि शब्द फोडायला शिकवलं. 'आयटिस' आलं की दाह, 'एक्टॉमी' आलं की कापून काढणं, 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड, 'हेपॅटो' म्हणजे यकृत. रोज दहा. वॉर्डातल्या केसपेपरवरचाच शब्द घ्यायचा, कारण मग त्याला त्या पेशंटचा चेहरा चिकटतो. आकृती न बघता काढायची आणि रूममेटला मराठीत समजावून सांगायची. इंग्रजी उत्तर त्यानंतर लिहायचं. पेशंटशी बोलताना तर तिची मराठी हेच मोठं बळ होतं. बदनापूरकडची एक आजी इतर मुलींना हात लावू देत नव्हती, हिच्याकडून मात्र मुकाट्यानं बीपी तपासून घ्यायची.

बुडलेल्या दिवसांची भरपाई तिनं सुट्टीत ड्युटी करून केली. ॲनाटॉमी ५६ गुण मिळवून सुटली. टाके घालताना तिला अजूनही पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, आणि हे ती न लाजता सांगते. एप्रनच्या खिशात गुळदाण्याची पुडी असते.

तिसऱ्या सेमिस्टरला ऑपरेशन थिएटरचं पोस्टिंग आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "मॅडम, ओटीत तर उभंच राहायचं असतं. उभ्या उभ्या पाय कसे आवळायचे, तेवढं दाखवा ना." शनिवारी चार वाजता ये म्हटलंय.