पाण्याचा खर्च दुप्पट झाला? आधी हौदात काठी घाला

प्रश्न: माझं छोटं हॉटेल आहे. तीन महिन्यांत पाण्याचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. बिलातलं फारसं कळत नाही. कामावरची पोरं नळ उघडे टाकतात असा संशय आहे. खर्च कमी कसा करू?

उत्तर:

तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. पोरांवर संशय घेण्याआधी हे पूर्ण वाचा.

इंदूरला रामबागेकडे आमची लाँड्री आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी आणि दादा मिळून चालवतो. हॉटेलांच्या चादरी, होस्टेलचे कपडे, एका नर्सिंग होमचं काम. धुलाईत साबणापेक्षा पाणी महाग पडतं, हे या धंद्यात नसलेल्याला पटत नाही. एक खेप धुवायची म्हणजे एकदा धुणं आणि तीनदा खंगाळणं, चारही वेळा पाणी नवं.

काही वर्षांपूर्वी आमचे टँकर आठवड्याला तीनावरून पाचावर गेले. काम तेवढंच, गिऱ्हाईक तेवढंच. दादाचा स्वभाव असा की पैसा कमी पडला की तो आधी माणूस शोधतो. खंगाळायच्या टाक्यांवर आमच्याकडे एक मावशी होत्या, बऱ्हाणपूरकडच्या, अकरा वर्षं कामाला. दादानं ठरवलं की मावशी नळ चालू ठेवून गप्पा मारतात. आधी टाकीवर पाटी लावली. मग नळाचं चाक काढून खिशात ठेवायला लागला, पाणी लागलं की मावशींनी येऊन मागायचं. आणि एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाला, "टँकरचे पैसे तुमच्या पगारातून कापू का?" मावशी काही बोलल्या नाहीत. महिना भरल्यावर हिशेब घेतला आणि गेल्या. मी तिथेच उभा होतो. मीही काही बोललो नाही.

मावशी गेल्या, टँकर पाचच राहिले.

तेव्हा मी सियागंजातून एक इंची मीटर आणला आणि हौदातून वरच्या टाकीत पाणी चढतं त्या पाइपावर प्लंबरकडून बसवून घेतला. दादा म्हणाला, उगाच खर्च. त्याला दुसरं बोरिंग करायचं होतं. पंधरा दिवस मी वहीत दोनच आकडे लिहिले: हौदात किती पडलं आणि मीटरमधून किती वर गेलं. टँकर पाच हजार लिटरचा, म्हणून पहिला आकडा सोपा. नळाचं पाणी किती वेळ आणि किती धारेनं येतं ते बादली लावून मोजलं. दोन आकड्यांत आठवड्याला दहा हजार लिटरच्या आसपास फरक येत होता. म्हणजे नेमके दोन टँकर टाकीपर्यंत पोचतच नव्हते. जे पाणी वर चढलंच नाही, ते मावशी सांडणार कुठून?

पुढे दिवाळी आली. नरक चतुर्दशीला रात्री काम बंद करून हौद भरला, मोटरचा स्विच पाडला, नळाचा कॉक बंद केला आणि एक सरळ काठी हौदात उभी करून पाण्याच्या रेषेवर खूण केली. सकाळी, दहा तासांनी, पाणी चार इंच खाली. आमचा हौद दहा फूट बाय आठ फूट. याचा हिशेब लक्षात ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडेल: लांबी फुटात गुणिले रुंदी फुटात गुणिले २.३६, म्हणजे एका इंचाला किती लिटर ते कळतं. आमच्या हौदात इंचाला जवळजवळ १९० लिटर. चार इंच म्हणजे साडेसातशे लिटर, आणि ते रात्री, कुलूप लावलेल्या दुकानात, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री!

मी रोज जाऊन खूण करत राहिलो. पाणी उतरत होतं, पण दर दिवशी जरा कमी वेगानं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर पाणी दीड फुटावर येऊन थांबलेलं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. गळका हौद तळापर्यंत रिकामा होत नाही, भेगेपर्यंत होतो. पाणी जिथे थांबतं, त्याच रेषेत भेग शोधायची. आम्ही हौद उपसला, त्या उंचीवर भिंत घासली, तर कोपऱ्यात शेजारच्या पिंपळाचं मूळ करंगळीएवढं आत आलेलं. बाहेरची माती वर्षभर ओली असणार, पण वर फरशी, दिसणार कसं? मूळ काढलं, भेग कोरून भरली, आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. टँकर पुन्हा तीन.

मी मावशींच्या घरी गेलो. त्या एका होस्टेलच्या मेसमध्ये लागल्या होत्या. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आमच्या वस्तीत टँकर आला की मी सगळ्यांत पुढे हंडा घेऊन धावते. मी पाणी सोडून देईन, असं वाटलं कसं तुम्हाला?" परत या म्हटलं, तर आल्या नाहीत. दादा आजही म्हणतो की थोडं मावशींचंही चुकत असणार. वही त्याच्यापुढे ठेवली तरी म्हणतो.

आता तुमच्याकडे येतो. पाण्याचं बिल एकच असतं असं समजू नका. नळाचं बिल, टँकर, बोरिंगच्या मोटरचं लाईट बिल, आणि खाऱ्या पाण्यामुळे जास्त लागणारा साबण, हे सगळं पाण्याच्याच खाती मांडा. दुप्पट नेमकं काय झालं ते मग दिसेल. नळाचं बिल असेल तर पाहा की किती दिवसांचं आहे, मागची बाकी आणि तिचा अधिभार आत मिसळलाय का, रीडिंग खरोखर घेतलंय की सरासरीनं लावलंय, जोडणी किती इंची आहे आणि ती कुठल्या वर्गात धरली आहे. पुष्कळ गावांत मलनिस्सारणाचा आकारही याच कागदावर येतो. बिलातली चूक सापडली तर लेखी अर्ज द्या, मीटरचा तारखेसकट फोटो जोडा. तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाही.

तुमच्याकडेही आमच्यासारखं एक दिवसाआड पाणी येत असेल तर आणखी एक गोष्ट. नळ सुटतो तेव्हा पाण्याआधी रिकाम्या पाइपातली हवा येते आणि मीटर त्या हवेवरही फिरतो. पहिली दोन मिनिटं मीटरपाशी उभे राहा. नळातून नुसतं फुसफुसत असताना काटा गरगर फिरत असेल, तर प्लंबरला हवा काढणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल विचारा. तो पाणी मीटरला पोचण्याआधीच्या पाइपावर लागतो, म्हणून आधी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसची परवानगी घ्या.

धंद्याच्या जोडणीचा दर जास्त का, यावर मी फार चिडत नाही. इंदूरचं नळाचं पाणी बहुतेक नर्मदेचं आहे. ते नर्मदाकाठच्या जलूदहून उपसून साधारण सत्तर किलोमीटरवरून येतं. नदी तिथे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, आणि इंदूर साडेपाचशेवर. एक हजार लिटर चारशे मीटर वर चढवायला नुसत्या गणितानं एक युनिटपेक्षा जास्त वीज लागते. पंपाची तूट आणि पाइपाचं घर्षण त्यावर वेगळं. १९७८ साली नर्मदा इंदूरला आली तेव्हाचा आनंद वडील सांगायचे. २०२३ मध्ये महापालिकेनं २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून पैसे उभारायचे कर्जरोखे, काढले, तेही जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला, कारण पाण्याचा खरा खर्च विजेचा आहे. एवढा घाट चढून आलेलं पाणी पिंपळाच्या मुळाला जात होतं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

बोरिंग फुकट असतं, हेही डोक्यातून काढा. दादाशी माझा हा वाद पंधरा वर्षं चालू आहे. पाच हॉर्सपॉवरची मोटर तासभर चालली की चार युनिटं सहज जातात. शिवाय आमच्या भागातलं बोरिंगचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी साबण खातात, मग उरलेल्या साबणानं कपडा निघतो. पांढऱ्या चादरी सहा महिन्यांत पिवळट दिसतात, मग पुन्हा धुवा. तुमच्या हॉटेलात तेच स्टीलच्या भांड्यांवरच्या पांढऱ्या डागांत आणि गीझरच्या आत साचणाऱ्या पापुद्र्यात दिसेल. दुसऱ्या बोरिंगचे पैसे वाचवून आम्ही खंगाळण्याचं शेवटचं पाणी साठवायला टाकी केली. ते पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला चालतं. चार पाण्यांतलं एक वाचलं. नर्सिंग होमच्या कपड्यांना मात्र हे करायचं नाही, तिथे नवंच पाणी.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी सांगतो. संडासाच्या फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका आणि पंधरा मिनिटं कोणी वापरू नका. खाली भांड्यात निळं दिसलं तर टाकी आतून गळते. हे गळणं ऐकू येत नाही, दिसत नाही, आणि दिवसरात्र चालतं. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळसुद्धा दिवसाला वीसेक लिटर घेऊन जातो. आणि भांडी घासायच्या नळांना जाळी लावा, ती काही रुपयांत मिळते. धार तीच वाटते, पाणी निम्म्याच्या आसपास लागतं. तुमची पोरं खरंच नळ उघडा टाकत असतील, तर त्यावरही उपाय पाटी नाही, जाळी आहे. ज्याचे दोन्ही हात राखेनं आणि खरकट्यानं भरलेत, तो दर ताटाला नळ फिरवू शकत नाही. पायानं दाबायचा नळ लावून द्या.

आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी नळीनं पिंपात घ्या, फरशी पुसायला चालतं. गच्चीचं पाणीही सोडू नका. हौदाचाच हिशेब तिथे लागतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस म्हणजे २,३६० लिटर. इंदूरला वर्षाला सरासरी ३५ इंचांच्या पुढे पडतो.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही गाव लिहिलेलं नाही, आणि दर, वर्ग, अधिभार गावोगाव वेगळे असतात. म्हणून दरांबद्दल माझं ऐकू नका, तुमच्या बिलामागे छापलेलं वाचा. हौदात उतरायचं असेल तर एकट्यानं कधीच उतरू नका. बंद हौदातली हवा जीव घेऊ शकते. झाकण उघडून भरपूर वेळ वारा खेळू द्या, वर माणूस उभा ठेवा, आणि जमलं तर हे काम रोज करणाऱ्यालाच सांगा. आणि तुमच्याकडे हौदच नसेल, थेट मीटरवरून पाणी असेल, तर काठीऐवजी रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा फोटो काढा आणि सकाळी पुन्हा काढा.

आज रात्री हॉटेल बंद करताना एवढं करा: हौदात काठीची खूण, नाहीतर मीटरचा फोटो. सकाळचा आकडा आणि हौदाची लांबी-रुंदी इथे खाली लिहा, किती लिटर गेलं ते मी काढून देतो. तोवर पोरांना काही बोलू नका.