बी.एस्सी.ची दोन वर्षं झाल्यावर विद्यापीठ बदललं, नवीन कॉलेज क्रेडिट धरत नाही. तक्रार कुठे करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी.ची दोन वर्षं विदर्भात झाली, वडिलांची बदली पश्चिम महाराष्ट्रात झाली. एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात ८८ क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या पेपरांचे श्रेयांक, दिसतात, पण नवीन कॉलेज म्हणतं की विषय जुळत नाहीत, एफवायपासून सुरू करा. तुम्हाला थेट टीवायला बसायचं आहे.

मी एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात तेवीस वर्षं काढली. खिडकीच्या आतल्या बाजूला. त्यामुळे कडू भाग आधी सांगतो: कॉलेजचं म्हणणं चूक आहे, पण तुमची मागणीही जशीच्या तशी टिकणारी नाही.

‘बँक’ या शब्दाने पोरांचा घात केला आहे. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम जुलै २०२१ मध्ये आले, तेव्हापासून सगळ्यांना वाटतं की खात्यात क्रेडिट आहेत म्हणजे नोटा आहेत, कुठेही चालतील. प्रत्यक्षात ते पासबुक आहे. क्रेडिट तुम्ही स्वतः भरू शकत नाही, तुमची संस्था भरते. एकदा जमा झाले की जास्तीत जास्त सात वर्षं जिवंत राहतात. नोंद खरी आहे याबद्दल पुढच्या विद्यापीठाला शंका घेता येत नाही, एवढा त्याचा मोठा फायदा. पण त्यातले किती धरायचे, कशाच्या जागी धरायचे, हे पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं.

आणि त्याच नियमांत एक अट आहे, जी बहुतेकांनी वाचलेली नसते. जी संस्था पदवी देणार, तिच्याकडे निदान पन्नास टक्के क्रेडिट मिळवलेले असले पाहिजेत. आता तुमचा हिशेब मांडा. सेमिस्टरला २२ प्रमाणे तीन वर्षांच्या पदवीचे १३२ क्रेडिट. त्याचे निम्मे ६६. तुम्ही आणलेत ८८. सगळे धरले तर नवीन विद्यापीठात तुमचे फक्त ४४ होतील, म्हणजे निम्म्याहून २२ कमी. एक पूर्ण सेमिस्टर. थोडक्यात, तीन वर्षांच्या पदवीसाठी तुमचे जास्तीत जास्त ६६ चालतील आणि एका सेमिस्टरइतके क्रेडिट तुम्हाला नवीन ठिकाणी जादा करावे लागतील. ‘एफवायला बसा’ याला मात्र यात काही आधार नाही.

चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यायची तयारी असेल तर गंमत बघा: १७६ क्रेडिट, त्याचे निम्मे बरोबर ८८. म्हणजे विषय जुळले तर एकही वाया जाणार नाही. फक्त त्या कॉलेजात तुमच्या विषयाचं चौथं वर्ष आहे का, हे आधी विचारा. माहितीपत्रकात ‘ऑनर्स’ छापलेलं असतं आणि विचारायला गेलं की ‘मान्यता यायची आहे’ असं उत्तर मिळतं, हे मी पाहिलेलं आहे.

आता विषयांचं. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाचा सांगाडा २०२३ च्या शासन निर्णयाने सगळीकडे सारखाच केला: मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवर्धन), एईसी (भाषा वगैरे), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली), को-करिक्युलर. त्यामुळे भाषा, पर्यावरण, भारतीय ज्ञान प्रणाली, एनएसएस यांचे क्रेडिट त्या त्या खान्यात धरायला कोणाची ना नसावी. पुस्तक वेगळं असेल, खाना तोच आहे. खरा वाद मेजरचा. तुमच्याकडे चौथ्या सेमिस्टरला झालेला विषय इथे पाचव्याला असतो, आणि इथे दुसऱ्याला झालेला तुम्ही शिकलेलाच नसता. ‘विषय जुळत नाहीत’ म्हणजे बऱ्याचदा एवढंच. त्यावर उपाय राहिलेल्या पेपरची परीक्षा नव्या ठिकाणी देणं हा असतो. दोन वर्षं पुन्हा करणं हा नव्हे.

विषय जुळतात की नाही हे ठरवणं प्रवेशाच्या खिडकीवरच्या माणसाचं काम नाही. ते काम विषयतज्ज्ञांचं, म्हणजे विभागप्रमुख आणि गरज पडली तर विद्यापीठाचं अभ्यास मंडळ. म्हणून तोंडी विचारत फिरू नका. एका कागदावर दोन रकाने करा: डावीकडे तुमचा पेपर, क्रेडिट, घटकांची नावं, उजवीकडे नव्या विद्यापीठाचा पेपर. जुन्या कॉलेजकडून शिक्का मारलेला अभ्यासक्रम घ्या. शिक्का नसलेल्या प्रिंटला आमच्याकडे कोणी हात लावत नसे. हे सगळं ‘समकक्षता ठरवून मिळण्याबाबत’ अशा विषयाच्या अर्जाला जोडा, आवक खिडकीवर द्या आणि स्वतःच्या प्रतीवर पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारीख नसेल तर तुम्ही अर्ज दिलेलाच नाही, असं समजा.

एक कबुली देतो. एका मुलाची अशी फाइल माझ्या टेबलावर जवळजवळ दोन महिने पडून होती. कारण एवढंच की अभ्यासक्रमाच्या चार पानांवर शिक्का नव्हता, आणि ते त्याला कळवायचं कोणी हे कोणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं. मुलगा दर आठवड्याला यायचा, हात जोडायचा, मी ‘बघतो’ म्हणायचो. मग एक दिवस त्याचे वडील आले. एसटीत कंडक्टर होते, खाकी गणवेशातच आलेले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “साहेब, होत नसेल तर होत नाही असं लिहून द्या, खाली सही करा.” लिहून देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. फाइल त्याच दुपारी पुढे गेली. नगरसेवकांच्या चिठ्ठ्या घेऊन येणारे त्या काळात कितीतरी होते. त्यांना चहा मिळायचा.

तर तुम्हीही तेच मागा: नकार लेखी, कारणासह, कोणत्या नियमाखाली ते लिहून. तो मिळाला किंवा अर्जावर पंधरा दिवस काहीच हाललं नाही की तक्रारीची पायरी येते.

त्यासाठी यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारण नियम आहेत, एप्रिल २०२३ चे. प्रत्येक संस्थेत समिती हवी: अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य, विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी, त्यांत निदान एक महिला आणि निदान एक व्यक्ती एससी, एसटी किंवा ओबीसी. तक्रार मिळाल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि त्याने तीस दिवसांत निकाल लावायचा.

कॉलेज कदाचित म्हणेल, ‘तुम्ही आमच्या विद्यार्थिनीच नाही, तक्रार कसली?’ या नियमांतल्या व्याख्येत प्रवेश मागणारेही विद्यार्थी म्हणूनच धरलेत. हे वाक्य अर्जातच घाला, म्हणजे एक फेरी वाचेल.

अर्ज एका पानाचा. ‘माझं भविष्य अंधारात आहे’ वगैरे नको. असे अर्ज वाचणाऱ्याला दया येते आणि तो पान उलटतो. तारखा लिहा, आवक क्रमांक लिहा, काय मागितलं, काय उत्तर आलं ते लिहा, आणि शेवटी मागणी नेमकी: ‘सोबतच्या तक्त्यानुसार समकक्षता ठरवून मिळावी, नियमात बसतील तेवढे क्रेडिट ग्राह्य धरावेत, उरलेले पेपर कोणते ते लेखी कळवावं आणि निर्णय होईपर्यंत तात्पुरता प्रवेश द्यावा.’ शेवटचा तुकडा विसरू नका. वरची सगळी मुदत जोडली तर दोन-तीन महिने जातात आणि प्रवेशाची शेवटची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.

लोकपाल कागदावर असतो, खुर्चीत असेलच असं नाही. जून २०२४ मध्ये यूजीसीने लोकपाल न नेमणाऱ्या विद्यापीठांची यादी जाहीर केली होती, त्यात १५७ नावं होती आणि बहुतेक सरकारी विद्यापीठं. तेव्हा आधी संकेतस्थळावर नाव शोधा. नसेल तर कुलसचिवांना पत्र, प्रत यूजीसीला.

जोडीला माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये आणि तीस दिवस. पण ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारू नका, ‘आपल्या स्तरावर कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर येईल. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील कार्यालयीन टिपणीची प्रत द्यावी’ असं मागा. टिपणीत कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला ते सगळं असतं, आणि ती मागितली गेली की कार्यालयात लगेच कळतं.

जुन्या कॉलेजने टीवायची फी भरल्याशिवाय कागद देत नाही म्हटलं, तर मूळ कागदपत्रं अडवणं हीसुद्धा याच नियमांत तक्रार आहे; ती तिथल्या समितीकडे करा.

मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला, मात्र इतक्यात काढू नका. अनेक ठिकाणी ते काढलं की जुन्या विद्यापीठातली नोंदणी बंद होते, आणि नव्याने घेतलं नाही तर तुम्ही दोन्हीकडून बाहेर. आधी समकक्षतेचं पत्र हातात येऊ द्या. वसतिगृहात राहून एक वर्ष तिथेच काढणं घरच्यांना झेपणार असेल, तर खरं सांगू? टीवाय तिथेच करून पदवी घ्या आणि एम.एस्सी.ला इकडे या. मी माझ्या पुतणीला हेच सांगितलं होतं.

तुमचं मेजर-मायनर कोणतं, ते प्रश्नात नाही. मेजर तेच राहणार आहे की बदलायचं आहे, ते लिहा. बदलायचं असेल तर वरचा ६६ चा हिशेबही बराच खाली येईल.