मराठी टायपिंगसाठी छोटा मेकॅनिकल कीबोर्ड घरी बनवायचाय, किती छोटा चालेल? आणि कीकॅपवर देवनागरी अक्षरं कशी आणू?

मी एक बनवलाय आणि हे उत्तर त्याच्यावरच टाइप करतोय, म्हणून सांगतो. बाकी सगळं नंतर, आधी साइज ठरवा. व्हिडिओत ते ४०% वाले (पूर्ण कीबोर्डच्या साधारण ४०% कीज असलेले) इवलेसे कीबोर्ड बघून माणूस भाळतो (मीपण भाळलेलो), पण त्यात आकड्यांची ओळच नसते, इंग्रजीत चालून जातं हो, पण तुम्ही इनस्क्रिप्टवाले (भारतीय भाषांची सरकारी कीबोर्ड मांडणी) असाल तर 'ड' बसलाय चौकटी कंसाच्या कीवर, ॉ बॅकस्लॅशवर, 'कृपा'तला ृ बरोबरच्या (=) चिन्हावर आणि क्ष, ज्ञ, त्र, श्र शिफ्ट धरून आकड्यांवर. या कीज ४०% मध्ये लेयरखाली जातात, एक जादा की धरून मग दाबायच्या. म्हणजे नुसतं 'डॉक्टर' लिहायचं तर पहिल्याच अक्षरात दोनदा लेयर, वैताग येतो.

म्हणून ६०% च्या खाली जाऊ नका. ६१ कीज, सगळी मराठी अक्षरं जागेवर. वरच्या डाव्या कोपऱ्यातली की एस्केपला जाते, पण तिथे इनस्क्रिप्टचा ऱ्हस्व ऒ असतो, तो आपल्याला कुठे लागतो! अ‍ॅरो कीज नसतात, मी कॅप्स लॉक धरून आय-जे-के-एल वर ठेवल्यात, दोन-चार दिवसांत हात बसतो.

बनवायचं म्हणाल तर दोन कीजच्या मध्यातलं अंतर १९.०५ मिमी, स्विचचं (कीखालच्या बटणाचं) भोक १४ बाय १४, आणि ही भोकं असलेली प्लेट १.५ मिमीच घ्या कारण स्विचचे खटके तेवढ्याच जाडीत अडकतात, मी हौसेने ३ मिमी अ‍ॅक्रिलिक कापून आणलं आणि मग कॅप काढताना स्विचच उपटून हातात यायला लागले. कंट्रोलरला, म्हणजे कुठली की दाबली ते वाचणाऱ्या छोट्या बोर्डला, रास्पबेरी पाय पिको लावा. ५ ओळी आणि १४ कॉलम, प्रत्येकाला एक पिन, म्हणजे १९ पिना लागतात, प्रो मायक्रो या दुसऱ्या बोर्डला १८ च आहेत, एका पिनेने घात होतो. प्रत्येक स्विचला एक वन एन ४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग) लावा, नाहीतर तीन कीज एकदम दाबल्या की चौथी न दाबलेलीच उमटते. डायोडची दिशा नीट बघा हां, माझा एक उलटा लागला आणि 'त' येईना, मी आपला तासभर फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरमधल्या प्रोग्राममध्ये) चूक शोधतोय. फर्मवेअर क्यूएमके, फुकट आहे. त्यात मराठीसाठी वेगळं काही करायचं नाही, कीबोर्ड फक्त कुठली की दाबली ते सांगतो, तिचं अक्षर काय ते कॉम्प्युटर ठरवतो.

डायोड, वायर, सोल्डर लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जा. मी पहिल्यांदा रविवारी गेलेलो, बरीच शटरं खाली. स्विच आणि कॅप्स मी ऑनलाइन मागवल्या. निळे क्लिकी स्विच नकोत, आमचं वन रूम किचन आहे, रात्री अकरानंतर आई आतून 'झालं का तुझं?' विचारते.

आता कीकॅप, खरी मजा इथे आहे. चेरी किंवा ओईएम प्रोफाइलमध्ये (प्रोफाइल म्हणजे कॅपचा आकार) प्रत्येक ओळीचा उतार वेगळा, एकीची कॅप दुसरीत लावली की बोटाला खटकते. तुम्हाला अक्षरं हलवायची असतील तर डीएसए किंवा एक्सडीए घ्या, सगळ्या ओळी सारख्या. सुरुवातीला मी पारदर्शक टोपीवाल्या कॅप घेतल्या, टोपी काढा, खाली कागदाची चिठ्ठी ठेवा, परत बंद करा. मुक्ता फॉन्टमध्ये (आपल्या मुंबईतल्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, फुकट मिळतो) चिठ्ठ्या छापल्या, खाली क, वर ख, कारण ख शिफ्टवर येतो. मात्रांना ते ठिपक्यांचं वर्तुळ देऊ नका, एवढ्याशा जागेत नुसता काळा डाग दिसतो.

महिनाभर चिठ्ठ्यांवर टाइप करा, मांडणी पक्की झाली की मग पीबीटी प्लास्टिकच्या कॅपवर डाय-सब छपाई करून घ्या, त्यात शाई प्लास्टिकमध्ये मुरते म्हणून अक्षर झिजत नाही. कॅप मात्र फिक्या रंगाची लागते, काळ्यावर पांढरं अक्षर या पद्धतीने येत नाही. स्टिकरच्या नादी लागू नका, मुंबईच्या घामात कडा सुटतात आणि त्यात मळ बसतो.

स्पेसबार अजून कोराच आहे माझा, काय लिहावं सुचत नाहीये.