मुलाचं कुठे होईल? मस्कतहून आलेलं पत्र

चवथीला गोव्यात गावी येऊन गेलेल्या एका ताईंनी मस्कतला परतल्यावर पत्र लिहिलंय. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्याखाली बसलेल्या प्रत्येक पाहुण्याने एकच विचारलं म्हणे, "बारावी ना यंदा? मग अमेरिका नक्की?" मुलगा प्रत्येक वेळी उठून आत जायचा. सोबत ताईंनी एक तक्ता जोडलाय. दहावीला ९६ टक्के, सॅट या अमेरिकन प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५१०, खाली बारा संस्थांची नावं, नऊ अमेरिकेतल्या आणि तीन गोव्यातल्या. प्रत्येक नावापुढे रिकामी चौकट. "तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिकवलंय, शक्यता किती टक्के ते भरून द्या."

ताई, त्या बारा चौकटी एका जातीच्या नाहीत. गोव्यातल्या तिन्हींचं, म्हणजे एनआयटी, आयआयटी आणि बिट्सचं, उत्तर तुम्हाला घरबसल्या काढता येईल. अमेरिकेतल्या नऊंचं कुणीही देऊ नये, आणि जो पैसे घेऊन आकडा सांगतो त्याच्यापासून तर लांबच राहा.

आधी गोवा. इथे रांग गुणांची आहे आणि मागच्या वर्षी ती कुठे थांबली हे छापलेलं असतं. एनआयटी आणि आयआयटीच्या प्रत्येक शाखेचा शेवटचा क्रमांक जागावाटप करणारी 'जोसा' फेरीनिहाय जाहीर करते, बिट्स आपल्या बिटसॅट या प्रवेशपरीक्षेचे कटऑफ देते. मुलाने घड्याळ लावून सराव परीक्षा द्यावी आणि तो आकडा तीन वर्षांच्या यादीशेजारी ठेवावा. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे मात्र लक्षात ठेवा. जेईई मेनला, म्हणजे एनआयटीच्या प्रवेशपरीक्षेला, अलीकडे १४ लाखांवर मुलं बसतात. ९९ पर्सेंटाइल ऐकायला छान वाटतं, पण त्या मुलाच्या पुढे १४ हजारांच्या आसपास मुलं असतात.

आता पासपोर्टचं शेवटचं पान उघडा. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने बारावी परदेशात केली असेल, तर जेईई मेनसाठी त्याचं राज्य पासपोर्टवरच्या भारतातल्या कायमच्या पत्त्यावरून ठरतं. एनआयटीत साधारण निम्म्या जागा गृहराज्याच्या मुलांना असतात. म्हणजे पासपोर्टवर तुमच्या गावचा, गोव्यातल्या दिवाडीचा पत्ता असेल तर कुंकळ्ळीच्या एनआयटीत तुमचा मुलगा गोव्याचा धरला जाईल. नूतनीकरणाच्या वेळी सोयीसाठी मुंबईच्या नातेवाइकांचा पत्ता दिला असेल, तर नाही. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टचा विषय घरोघरी निघतो. मुलाचं नागरिकत्व बदललं की हे सगळं गणितही बदलतं, तेव्हा तो निर्णय या वर्षी घाईने घेऊ नका. शिवाय परदेशात शिकलेल्या मुलांना एनआयटीसारख्या संस्थांत प्रवेश देणारी 'डासा' योजना आहे, तिच्यात आखातात नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळा गट आहे. ओमान त्यात येतो आणि शिक्षणशुल्क इथल्या मुलांइतकंच असतं. त्या गटाचे शेवटचे क्रमांकही दरवर्षी जाहीर होतात. अर्जाआधी जेईई मेन आणि डासा, दोन्हींच्या यंदाच्या माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

फर्मागुढीची आयआयटी गोव्यात आहे म्हणून गोव्याच्या मुलांना तिथे वेगळ्या जागा असतील, असं पुष्कळांना वाटतं. तशा त्या नाहीत. झुआरीनगरच्या बिट्सलाही नाहीत.

आता अमेरिका. तुमच्या यादीत सगळ्यात वर एमआयटी आहे. २०२४ साली प्रवेश द्यायच्या वर्गासाठी तिथे २८ हजारांवर अर्ज आले, निवडले गेले १,३०० हून कमी. साडेचार टक्के. पण हा आकडा तुमच्या मुलाचा नाही. त्यात अमेरिकन मुलं धरलेली आहेत, आणि परदेशी मुलांचा वाटा तिथे दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. जगभरातली मुलं त्या एवढ्याशा वाट्यासाठी अर्ज करतात, तेव्हा त्याची रांग कितीतरी अरुंद आहे. सॅटचं म्हणाल तर तिथे निवड झालेल्यांच्या गणिताच्या ८०० पैकी गुणांचा मधला पट्टाच ७८० ते ८०० च्या आसपास असतो. १५१० ने दार बंद झालेलं नाही, एवढंच मी म्हणेन. पुढचं निबंध, शिक्षकांची पत्रं आणि त्या वर्षी त्यांना कसा वर्ग बांधायचाय यावर ठरतं, आणि ते बाहेरच्या कुणाला दिसत नाही.

तक्त्यात एक रकाना राहिलाय, पैशांचा. आर्थिक मदत मागितल्याने निवडीवर परिणाम होत नाही असं परदेशी विद्यार्थ्यांनाही सांगणारी विद्यापीठं मोजकीच आहेत. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन त्यांत येतात. स्टॅनफर्डला परदेशी मुलाने मदत मागितली तर ती गोष्ट निवडीत विचारात घेतली जाते. कार्नेगी मेलन परदेशी मुलांना मदत देतच नाही. पूर्ण खर्च पेलणार नसेल, तर तिथे प्रवेश मिळूनही तुमच्या दृष्टीने शक्यता शून्य. हे नवरा-बायकोने आज रात्री बसून बोला, आणि मुलाला आकड्यानिशी सांगा. मार्चअखेर निवड झाल्यावर सांगितलं, तर त्याला ते आयुष्यभर लागेल.

"नऊ ठिकाणी अर्ज करणार आहोत, एक तरी लागेल," असं तुम्ही लिहिलंय. ताई, खाडीकाठची नऊ शेतं एकाच बांधाआड असली की बांध फुटल्यावर खारं पाणी नऊंतही शिरतं. तेच गुण, तीच पत्रं, तसाच निबंध नऊ टेबलांवर जाणार आहे. एका ठिकाणी जे कमी पडलं ते बहुधा दुसरीकडेही कमी पडेल. म्हणून नऊंतली चार काढा आणि त्या जागी निम्म्याहून जास्त अर्जदारांना घेणारी, खर्चात बसणारी, त्याच्या विषयाचा चांगला विभाग असलेली विद्यापीठं घाला. बरीच अमेरिकन विद्यापीठं 'कॉमन डेटा सेट' नावाचं पत्रक दरवर्षी काढतात. किती अर्ज, किती निवड, गुणांचा पट्टा, कशाला किती महत्त्व, सगळं त्यात असतं. मुलाबरोबर बसून वाचा. आणि मुलाला विचारा, यातलं एकच मिळालं तर आनंदाने जाशील का? नाही म्हणाला तर ते नाव खोडा.

मी एकदा एका हुशार मुलीला सगळ्या वर्गासमोर "तुझं नक्की" म्हटलं होतं. नाही झालं. ती चांगल्या ठिकाणी शिकली, पण निकालानंतर कितीतरी महिने ती मला टाळत होती, कारण मी तिच्या नावावर एक वचन चढवून ठेवलं होतं. तेव्हापासून मी आकडा सांगत नाही.

पत्राच्या अगदी शेवटी, सही करण्याआधी, तुम्ही लिहिलंय की दोन सुट्ट्या त्याने दिवाडीला आजोबांच्या खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, घालवल्या. भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारापाशी, मानशीपाशी, पाण्याचा खारेपणा मोजायचं साधं यंत्र केलं, आणि भरतीच्या नोंदी ठेवल्या, खाऱ्या जमिनीत येणाऱ्या कोरगुट भातालाही त्रास कधी होतो ते बघायला. हे तक्त्यात कुठेच नाही. निबंध मात्र वक्तृत्व स्पर्धेच्या ढालीवर लिहिलाय.

तो बाजूला ठेवा. मुलाला म्हणावं, यंत्र पहिल्यांदा का बंद पडलं, आजोबा काय म्हणाले, वही कशी भिजली, ते आधी मराठीत लिही, जसं आठवेल तसं. आणि ते मला पाठवा. अमेरिकेतल्या लवकरच्या अर्जांची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला असते, त्याआधी अजून वेळ आहे.